पाठ

कोसुके,
मंगळवारी तू आला नाहीस.
गुरुवारीही नाही.
बर्फाच्या कारखान्याचं जुनं कॅलेंडर फाडून
त्याच्या पाठीवर हे लिहितेय,
कारण फोनवर मी फार मोठ्यानं बोलते असं तुझी आई म्हणते,
आणि हे मोठ्यानं बोलायचं नाहीये.

तुझा पट्टा खुंटीवरच आहे.
ओबिहिरोहून परतलो त्या रात्री
गाठ न सोडताच तू तो डोक्यावरून ओढून काढलास.
गाठ तशीच आहे.
मी हात लावलेला नाही.

आठ सेकंद. माहीत आहे मला,
मी कडेलाच उभी होते.
पंचांचा हात पुरता खाली यायच्या आत
तू छताचे दिवे बघत होतास.
लोक हसले म्हणालास गाडीत.
एकच जण हसला, खरं तर.
पण पडलेल्याला एकाचं हसूही
सभागृहभर ऐकू येतं.

तुला वाटत असेल, म्हातारी आता 'चिकाटी' म्हणणार.
नाही म्हणणार.
तो शब्द सदतीस वर्षं भिंतीवर टांगलाय,
त्याच्यामागे कोळ्यानं घर केलंय,
आणि जाणाऱ्या एकालाही त्यानं अजून थांबवलेलं नाही.

त्यापेक्षा खिडकीपासूनची तिसरी चटई आठव.
मधोमध खोलगट झालीये ना?
जिंकणाऱ्यांनी नाही केली ती.
तिथे मासळीबाजारातला लिलाववाला ओनुमा पडला,
दवाखान्यातली परिचारिका पडली रात्रपाळी करून,
आणि सगळ्यात जास्त मी.
काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत चारदा नापास.
चौथ्यांदा बाहेर पडले ती घरीच गेले,
आणि अकरा महिने इथे फिरकले नाही.

हे कुणाला सांगत नाही मी.

खेकड्यांच्या कारखान्यात लागले होते.
फेब्रुवारी, पहाटे साडेचार, बंदराचा उतार,
धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात.
हातात पेटी होती. पाय सटकला.
पेटी गेली एकीकडे, खेकडे चौफेर,
आणि माझा हात
मला न विचारता बर्फावर आपटला, सपाट,
हनुवटी छातीशी,
पाठ चंद्रकोरीसारखी गोल.
एक ओरखडा नाही.
पडल्यापडल्या हसू आलं मला, मग रडू,
मग मुकादम आला.
विद्या सोडली हे डोक्याला ठाऊक होतं, कोसुके,
पाठीला कुणी कळवलंच नव्हतं.

धडा डोकं विसरतं.
पाठ मात्र पाठीलाच होतो.

आता तुझी चूक सांगते, रागावू नकोस.
तू पडतं घेत नाहीस.
समोरचा ढकलतो आणि तू ओंडक्यासारखा उभा,
म्हणून कोसळतोसही ओंडक्यासारखा.
ही सगळी कला म्हणजे शेवटी
वेळेवर पडतं घेणंच तर आहे.
त्याला तीन-चार वर्षं लागतात.
मला नऊ लागली.

पण त्या आठ सेकंदांत
एक गोष्ट कुणी पाहिली नाही.
तुझी हनुवटी आत होती.
दोन वर्षांपूर्वी याच पडण्यात
तुझे पुढचे दात गेले असते.
मी वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.

मिचिरुला तुझ्या वजनाचं दुसरं कुणी नाही.
ती हल्ली वाळूच्या पोत्याला फेकते.
आधी त्याला वाकून नमस्कार करते.
पोतं काही वाकत नाही.

सोडायचं असेल तर सोड.
खरंच सांगते, सोडणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही,
मला तो हक्कच नाही.
पण इथे येऊन सोड.
खुंटीवरून पट्टा घे,
ती गाठ स्वतःच्या बोटांनी सोडव,
घडी घाल, चटईला वाक, मग जा.

गाठ घामानं आवळलीये,
आणि तुझी बोटं गारठलेली असतील.
वेळ लागेल.
तोवर मी शेगडी पेटवते.
येताना खालून रॉकेलचा डबा तेवढा आण,
जिना मला आता
पूर्वीसारखा चढवत नाही.